इंटरनेटची लाइन बदलताना मेल का अडतो?

ठाण्यात कापूरबावडीच्या चौकातून कोलशेत रस्त्याला लागले की एकेकाळी रासायनिक कारखान्यांच्या लांबच लांब भिंती दिसायच्या. सँडोझ, तिच्यातून १९९५ साली वेगळी झालेली क्लॅरिअंट, पलीकडे बायर. सँडोझ बाग हे नाव पत्त्यांमध्ये अजून टिकून आहे. कारखान्यांच्या जागी मात्र निवासी संकुले उभी राहिली आणि त्यांच्या आसपास, ढोकाळी-बाळकुमच्या गाळ्यांमध्ये, छोटी कार्यालये आली: सीए, क्लिअरिंग एजंट, औषधांचे वितरक, कारखाना डोंबिवली एमआयडीसीत आणि ऑफिस ठाण्यात असलेले उद्योजक. यांतल्या काहींनी स्वतःचा मेल सर्व्हर ठेवलेला असतो. दर माणशी दरमहा शुल्क नको, वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार आपल्या कपाटात राहावा, हा त्यामागचा विचार. त्यात चूक काही नाही. फक्त तो सांभाळावा लागतो, आणि त्याची खरी परीक्षा इंटरनेटची लाइन बदलते त्या दिवशी होते.

या भागात ती बदलतेही वरचेवर. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४, कापूरबावडीहून बाळकुमकडे मेट्रो ५. खोदकामात केबल तुटणे इथल्या कार्यालयांना नवे नाही. कंटाळून कुणी दुसऱ्या कंपनीची लाइन घेतो, कुणी दोन लाइन ठेवतो. लाइन जोडणारा मुलगा येतो, नवा राउटर लावतो, मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि सही घेऊन जातो. सगळ्या साइट उघडतात, व्हॉट्सअॅप चालते, म्हणजे काम झाले असे सगळे धरून चालतात. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेतून फोन येतो: तुमचे स्टॉक स्टेटमेंट अजून मिळालेले नाही.

सर्व्हर सुरू असतो. त्यातला एकही मेल पुसला गेलेला नसतो. मग अडते कुठे?

अडते डीएनएसमध्ये. नावावरून पत्ता सांगणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. अमुक नावाचा मेल कोणत्या यंत्राकडे न्यायचा हे सांगणारी एमएक्स नोंद १९८६मध्ये आली. ब्राउझरला डीएनएस फक्त विचारायला लागते. मेल सर्व्हरचे तसे नाही. तो जगाला प्रश्न विचारतो, आणि त्याच वेळी जग त्याच्याबद्दल प्रश्न विचारत असते. जीमेलला मेल पाठवायचा तर त्याने जीमेलची एमएक्स नोंद शोधायची. आणि मेल पोहोचला की जीमेलने उलट तपासायचे, की हा पाठवणारा कोण, याच्या पत्त्याला नाव आहे का, याला या डोमेनच्या वतीने पाठवायची परवानगी आहे का. लाइन बदलली की या दोन्ही बाजू एकदम हलतात, आणि दुरुस्ती करणारा बहुतेक वेळा एकीकडेच पाहतो.

आधी विचारण्याची बाजू. इथे बिघाड जास्त फसवे असतात, म्हणून थोडे थांबून पाहिले पाहिजे.

सर्व्हरला प्रश्न कुणाला विचारायचे हे लिनक्समध्ये रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नावाच्या एका छोट्या फाइलीत लिहिलेले असते. तिथे उत्तर देणारे जास्तीत जास्त ३ सर्व्हर, म्हणजे नेमसर्व्हर, धरले जातात. पहिल्याने उत्तर दिले नाही तर नेहमीच्या सेटिंगमध्ये ५ सेकंद वाट पाहून दुसऱ्याला विचारले जाते. जुन्या कंपनीचा नेमसर्व्हर पहिल्या ओळीत राहून गेला की प्रत्येक प्रश्नामागे ५ सेकंद जातात, आणि एका मेलसाठी असे अनेक प्रश्न असतात. सर्व्हर बंद पडत नाही, रखडतो. इंटरनेट कंपन्यांचे नेमसर्व्हर सहसा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून विचारले की सरळ नकार येतो. म्हणूनच दोन लाइन असलेल्या ऑफिसात पहिली लाइन तुटून राउटर दुसरीवर गेला की वेबसाइट चालतात, कारण कर्मचाऱ्यांचे संगणक राउटरला विचारतात. मेल सर्व्हर मात्र तुटलेल्या लाइनच्या नेमसर्व्हरचे दार ठोठावत बसतो.

बरे, ही फाइल हाताने दुरुस्त केली तरी ती तशीच राहील याची खात्री नाही. नेटवर्क मॅनेजर किंवा डीएचसीपी ती पुन्हा लिहितात. सर्व्हरला आयपी आणि नेमसर्व्हर दोन्ही कायमचे नेमून द्यावेत, आणि तेही त्या यंत्राच्या नेटवर्क सेटिंगमध्ये. फाइलीत थेट लिहिलेले पुढच्या रीबूटला गायब होऊ शकते.

आता पोस्टफिक्सची गोष्ट, कारण स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या पुष्कळ छोट्या कार्यालयांत तोच असतो. विट्झे व्हेनेमा यांनी १९९८मध्ये जगापुढे ठेवलेला हा सर्व्हर सुरक्षेसाठी आपले बरेचसे भाग एका बंदिस्त फोल्डरमध्ये चालवू शकतो. डेबियन आणि उबंटूच्या अनेक आवृत्त्यांत ही सोय आपसूक चालू असते. त्या फोल्डरमधल्या प्रोग्रॅमना बाहेरची रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ दिसत नाही, म्हणून तिची एक प्रत पोस्टफिक्सच्या स्पूल फोल्डरमध्ये ठेवली जाते. लाइन बदलली, बाहेरची फाइल नवी झाली, पण प्रत जुनीच राहिली, की चमत्कारिक प्रकार सुरू होतो. सर्व्हरवर बसून पिंग करा, चालते. डीएनएसला थेट विचारणाऱ्या ‘डिग’ या आज्ञेने जीमेलची एमएक्स नोंद विचारा, क्षणात उत्तर येते. आणि मेलच्या लॉगमध्ये मात्र ओळीमागून ओळ येत राहते: ‘होस्ट ऑर डोमेन नेम नॉट फाउंड, नेम सर्व्हिस एरर’, नंतर डोमेनचे नाव, टाइप एमएक्स, आणि शेवटी ‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’.

शेवटचे ‘ट्राय अगेन’ हे शब्द नीट वाचावेत. ते असतील तर पोस्टफिक्सला उत्तर मिळालेले नाही आणि मेल रांगेत थांबला आहे. ते नसतील तर ‘असे डोमेनच नाही’ असे उत्तर मिळाले आहे आणि मेल पाठवणाऱ्याकडे परत गेला आहे. पहिला प्रकार उशीर, दुसरा नुकसान.

उपाय सोपा आहे. ‘पोस्टफिक्स चेक’ ही आज्ञा दिली की दोन फाइलींमध्ये फरक असल्यास ती तसा इशारा देते. पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू केला की डेबियन-उबंटूमध्ये प्रत ताजी होते. नुसते रीलोड पुरेलच असे नाही. बाहेरचे इतर प्रोग्रॅम बदललेली फाइल आपणहून पुन्हा वाचतात, निदान २०१७नंतरच्या लिनक्समध्ये, त्यामुळे हा एकच कोपरा विसरला जातो. एक वाजवी सवय म्हणजे नेटवर्कचे काहीही हलवले की मेल सेवा रीस्टार्ट करणे, आणि मग ‘पोस्टक्यू’ने रांग पाहणे. रांग आपोआपही रिकामी होते, पण अडलेल्या मेलचा पुढचा प्रयत्न ५ मिनिटांपासून सव्वा तासापर्यंत कधीही होऊ शकतो. घाई असेल तर रांग हाताने सोडावी.

इथवर आले की बरेच जण एक पळवाट काढतात. कंपनीचे नेमसर्व्हर बदलत राहतात ना, मग गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ कायमचा टाकून द्यावा. घरच्या संगणकाला हे चालते. मेल सर्व्हरला चालत नाही, आणि यामागचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते.

येणारा मेल घेताना बहुतेक सर्व्हर स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीला विचारतात, की हा पाठवणारा आयपी बदनाम आहे का. हा प्रश्नही डीएनएसमधूनच जातो. आयपी यादीत नसेल तर ‘असे नाव नाही’ हे उत्तर येते. असेल तर १२७.०.०.२ सारखा एक खुणेचा पत्ता येतो. स्पॅमहाउस आपली मोफत सेवा सार्वजनिक नेमसर्व्हरमार्फत विचारणाऱ्यांना देत नाही. तसे विचारले की ते १२७.२५५.२५५.२५४ हा वेगळा पत्ता पाठवते, म्हणजे ‘तुम्ही सार्वजनिक नेमसर्व्हरवरून विचारत आहात’. पण सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘कोणताही पत्ता आला तर मेल नाकारा’ एवढेच लिहिलेले असेल, तर हे उत्तरही त्याला होकारच वाटते. परिणाम असा, की लाइन बदलण्याच्या निमित्ताने कुणीतरी ८.८.८.८ टाकतो आणि त्या क्षणापासून ऑफिसला येणारा प्रत्येक मेल बदनाम ठरवून परत पाठवला जातो. जाणारा मेल व्यवस्थित जात असतो, त्यामुळे आत कुणाला शंका येत नाही.

काळ्या यादीचे उत्तर बदलले की काय होते याचे मोठे उदाहरण २००८ सालचे. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६मध्ये बंद झाली होती, तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच होते. २५ मार्च २००८ रोजी तिने प्रत्येक प्रश्नाला ‘यादीत आहे’ असे उत्तर द्यायला सुरुवात केली आणि विसरलेल्या सेटिंग असलेल्या सर्व्हरनी जगातला सगळा मेल नाकारला. सॉर्ब्स ही दुसरी जुनी यादी जून २०२४मध्ये बंद झाली. तेव्हा लाइन बदलण्याच्या निमित्ताने सेटिंगमधल्या मेलेल्या याद्या काढून टाकाव्यात, आणि स्पॅमहाउसच्या पुढे १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरे नकार म्हणून धरावीत असे स्पष्ट लिहावे. काही इंटरनेट कंपन्यांचे नेमसर्व्हर अस्तित्वात नसलेल्या नावालाही स्वतःच्या जाहिरातपानाचा पत्ता देतात. वरच्या मर्यादेमुळे त्यापासूनही बचाव होतो.

खरा इलाज वेगळाच आहे: मेल सर्व्हरने विचारायला दुसऱ्या कुणाकडे जाऊच नये. अनबाउंडसारखा छोटा नेमसर्व्हर त्याच यंत्रावर बसवावा आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये १२७.०.०.१ एवढी एकच ओळ ठेवावी. अनबाउंड थेट मूळ सर्व्हरपासून सुरुवात करून उत्तर शोधतो. मग लाइन कुणाचीही असो, ती दोन तासांत तीनदा बदलो, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फला हात लावावा लागत नाही. बंदिस्त फोल्डरमधली प्रतही कायम बरोबर राहते. यासाठी यंत्र मोठे लागत नाही आणि पैसे लागत नाहीत. दोन गोष्टी तेवढ्या पाहाव्यात. अनबाउंडला पुन्हा ८.८.८.८कडे पाठवणारी ओळ कुणी घातलेली नसावी, नाहीतर सगळे मुसळ केरात. आणि फायरवॉलमधून ५३ क्रमांकाचा पोर्ट यूडीपी व टीसीपी दोन्हींसाठी बाहेर जायला मोकळा असावा.

खात्री करायची तर डिगने २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हे नाव विचारावे. ही मुद्दाम ठेवलेली चाचणीची नोंद आहे. उत्तरात १२७.०.०.२ दिसला तर सगळे ठीक, १२७.२५५.२५५.२५४ दिसला तर प्रश्न अजून सार्वजनिक नेमसर्व्हरवरूनच जात आहेत.

असा स्वतःचा नेमसर्व्हर अद्ययावत ठेवावा लागतो, हे मात्र खरे. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी डीएनएसच्या मुळाशी असलेली सुरक्षेची किल्ली पहिल्यांदा बदलली गेली, तेव्हा आपल्याकडे ‘४८ तास इंटरनेट बंद’ अशा बातम्या झळकल्या. तसे काही झाले नाही. अनबाउंड ही नवी किल्ली आपणहून उचलू शकतो, पण त्यासाठी तो अपडेट झालेला आणि चालू असला पाहिजे.

आता उत्तरांची बाजू: जग आपल्या सर्व्हरबद्दल काय विचारते. नव्या लाइनबरोबर नवा स्थिर आयपी येतो, आणि ‘स्थिर’ या शब्दावर इथे तडजोड नको. घरगुती प्लॅनमध्ये अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात, मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात तो २५ क्रमांकाचा पोर्ट बहुधा बंद असतो, आणि असे आयपी पट्टे स्पॅमहाउसच्या धोरण-यादीत आधीच नोंदलेले असतात. करार करण्याआधीच कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: स्थिर आयपी मिळेल का, २५ पोर्ट दोन्ही दिशांनी उघडा आहे का, आणि रिव्हर्स डीएनएस नोंद करून देता का.

तिसऱ्या प्रश्नावर फोन उचलणारा माणूस बहुधा गडबडतो. रिव्हर्स नोंद म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद. डोमेन आपले असले तरी ही नोंद आपल्याला करता येत नाही, कारण आयपी इंटरनेट कंपनीचा असतो. कोलशेतच्या टॉवरमध्ये फ्लॅट आपल्या मालकीचा असला तरी तळमजल्यावरच्या फलकावर नाव सोसायटीच लावते, तसेच हे. जीमेलला हे नाव लागतेच. पीटीआर नसेल, किंवा त्यातल्या नावावरून परत तोच आयपी निघत नसेल, तर जीमेल ५५०-५.७.२५ हा क्रमांक देऊन मेल नाकारू शकते. एसपीएफ (डोमेनच्या वतीने कोणते आयपी पाठवू शकतात), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (हे न जुळल्यास काय करायचे) यांचे नियम गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४पासून कडक केले. गुगलच्या हिशेबात रोज ५,००० मेल पाठवणाऱ्यांवर जास्त अटी असल्या तरी पीटीआर आणि ‘एसपीएफ किंवा डीकेआयएम’ एवढे तर सगळ्यांनाच लागते. ठाणे महापालिकेचा भाग एमटीएनएलच्या क्षेत्रात आणि कल्याण-डोंबिवली बीएसएनएलच्या, अशी विभागणी इथे वर्षानुवर्षे राहिली. त्यामुळे कोलशेतचे ऑफिस आणि डोंबिवलीचा कारखाना दोन्हीकडून मेल जात असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांकडे दोन वेगळे अर्ज करावे लागू शकतात. हे काम लाइन सुरू होण्याआधी सांगितले तरच वेळेत होते.

डोमेनच्या नोंदी बदलण्याचा क्रम असा ठेवावा. प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो, म्हणजे जगाने ती किती सेकंद लक्षात ठेवावी याचा आकडा. तो बऱ्याचदा ८६,४००, म्हणजे एक दिवस असतो. लाइन बदलायच्या निदान दोन दिवस आधी तो ३०० वर आणावा. अगदी आयत्या वेळी कमी करून उपयोग नाही, कारण जुना मोठा टीटीएल वाचून गेलेले सर्व्हर जुनेच उत्तर धरून बसलेले असतात. त्याच वेळी एसपीएफमध्ये नवा आयपी जोडावा आणि जुनाही राहू द्यावा. एसपीएफ तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस शोध करता येतात, पण थेट लिहिलेले आयपी त्यात मोजले जात नाहीत, तेव्हा दोन आयपी शेजारी शेजारी लिहायला काहीच हरकत नाही. डीकेआयएमला आयपीशी देणेघेणे नाही. ती नोंद हलवू नये. एमएक्स नोंद नेहमी नावाकडे वळवावी, आयपीकडे कधीच नाही.

दोन लाइन असतील तर दोन नावे करावीत, एकेक नाव एकेका लाइनच्या आयपीवर, आणि एमएक्सला १० व २० असे प्राधान्य द्यावे. येणारा मेल मग कोणत्याही लाइनवरून येईल. जाणाऱ्याचे काय? राउटर त्याला जी लाइन जिवंत असेल तिच्यावरून ढकलतो, आणि दुसऱ्या लाइनला पीटीआर नसेल तर मेल नाकारला जातो किंवा स्पॅममध्ये पडतो. छोट्या ऑफिसने जाणारा मेल एकाच लाइनला बांधून टाकावा. ती तुटली तर मेल रांगेत थांबेल आणि लाइन आली की निघेल. तीन तास उशिरा पोहोचलेला मेल हा अनोळखी पत्त्यावरून निघून नाव खराब करणाऱ्या मेलपेक्षा कितीतरी बरा. ज्यांना उशीर अजिबात परवडत नाही त्यांनी दुसऱ्या लाइनचीही पीटीआर करून घ्यावी, किंवा ५८७ पोर्टवरून एखाद्या रिले सेवेमार्फत पाठवावे.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी पोस्टफिक्समध्ये ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू करावा. त्यामुळे सर्व्हर कायमचा नकार द्यायचे थांबवतो. चुकीच्या उत्तराने परत गेला असता तो मेलही रांगेत राहतो. बाहेरच्या सर्व्हरची फार काळजी नको. मेल पाठवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याने निदान ४-५ दिवस प्रयत्न करत राहावे अशी अपेक्षा आहे, आणि पोस्टफिक्स स्वतःही ५ दिवस करतो. संध्याकाळी सर्व्हर दोन तास बंद राहिला तर मेल हरवत नाही. बदल झाला की जीमेलवर एक मेल पाठवून तिथे ‘शो ओरिजिनल’ उघडावे आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ आहे का ते वाचावे. मग तिथूनच उत्तर पाठवून ते येते का पाहावे. सगळे दोन दिवस सुरळीत गेले की सॉफ्ट बाउन्स आठवणीने बंद करावा. तो चालू राहिला तर चुकीच्या पत्त्यांचे मेल पाच-पाच दिवस रांगेत लोळतात. टीटीएल पुन्हा वाढवावा. जुनी लाइन आठवडाभर तरी सोडू नये, आणि सोडली की तिचा आयपी एसपीएफमधून काढावा, कारण उद्या तो दुसऱ्या कुणाला मिळेल. मेलचे लॉगही लगेच पुसू नयेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवायचे असतात.

आयपीऐवजी डोमेनच बदलायची वेळ आली तर? ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या बँकांनी हे नुकतेच अनुभवले. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५मध्ये सर्व बँकांना, नागरी सहकारी बँकांसह, ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत डॉट बँक डॉट इन या डोमेनवर जायला सांगितले. नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे दिले. टीजेएसबी, डोंबिवली नागरी सहकारी, कल्याण जनता सहकारी, सगळ्यांनाच हा नियम. बनावट बँक साइटना आळा बसावा हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम ग्राहकांच्या मेल सर्व्हरवरही होतो. ऑफिसने आपल्या फिल्टरमध्ये बँकेचे जुने डोमेन ‘विश्वासू’ म्हणून लिहिलेले असेल तर नव्या डोमेनचे विवरणपत्र स्पॅममध्ये जाते, आणि जुन्या डोमेनच्या नावाने आलेला बनावट मेल थेट आत येतो. फिल्टरमधल्या या नोंदी आता तपासायलाच हव्यात.

स्वतःचे डोमेन बदलणाऱ्या व्यावसायिकाने नवी एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम नोंद आधी लावावी; डीमार्क सुरुवातीला ‘नन’वर, म्हणजे काहीच न अडवता, ठेवून अहवाल वाचावेत आणि मग कडक करावे. जुन्या डोमेनवरचा मेल घेणे चालू ठेवावे, पण त्यावरून पाठवणे थांबले की त्याच्या एसपीएफमध्ये ‘कुणालाही परवानगी नाही’ एवढेच लिहावे. आणि जुन्या डोमेनचे वार्षिक शुल्क भरत राहावे. ते सुटले की कुणीही ते विकत घेऊ शकतो, त्याला स्वतःची एमएक्स लावू शकतो, आणि जुन्या पत्त्यावर येणारी बिले, ओटीपी, पासवर्ड बदलाचे दुवे वाचू शकतो. जीएसटी, आयकर, भविष्य निर्वाह निधी, बँक, वीज कंपनी, जिथे जिथे जुना मेल पत्ता दिलेला आहे तिथे तो बदलून झाल्यावरही आणखी काही वर्षे ते डोमेन हातचे सोडू नये.